तयार डोळा

"हे डबडं आजच विकतो!" गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावलेले प्रभाकरराव खेकसले. "शनीची कडी नुसती धुरकट! आता मोठी घेणार."

कुमुदताईंनी नाक मुरडलं. म्हणे नाचता येईना अंगण वाकडं! गिऱ्हाईक येणार म्हणून त्या दुर्बीण पुसायला आल्या होत्या. पुसताना दिसलं, की पुढचं मोठं झाकण तसंच आहे. त्यातलं नाण्याएवढं बूच तेवढं काढून महाशय इतकी वर्षं सोसायटीला आकाश शिकवत होते! त्यांनी मुकाट्याने अख्खं झाकण उपसलं.

प्रभाकरराव पुन्हा वाकले आणि ओरडलेच, "दिसली! लख्ख दिसली! डोळा तयार व्हायला अशी वर्षं जावी लागतात. तुला काय कळणार?"

"खरंय हो," म्हणत कुमुदताईंनी झाकण पुन्हा घट्ट बसवलं. "आता बघा बरं, तयार डोळ्याने."