ढग खाली येईना

छताजवळ सोनेरी ढगात ड्यूकसाहेब सूर्य होऊन बसले होते. ढग काही केल्या खाली येत नव्हता, आणि खाली गास्पारिनो मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

अख्खा हिवाळा घालवून त्यांनी हे नृत्य बसवलं होतं. सूर्य ढगातून उतरणार, दरबारातले सरदार आणि त्यांच्या बायका ग्रह होऊन त्याच्याभोवती फिरणार, आणि वर सज्जातून बघणाऱ्यांना जमिनीवर चांदणी, गाठ, फूल अशी रांगोळी उमटताना दिसणार. नजर खाली, हात अंगाशी, टाचा जमिनीला. जन्मभर मास्तरांनी हेच शिकवलं होतं. टाच उचलली म्हणून एका मार्क्विसच्या, म्हणजे बड्या सरदाराच्या, पोटरीवर छडीसुद्धा ओढली होती.

आणि आज सज्जात पॅरिसचा वकील, म्हणजे तिथल्या राजाचा दूत, बसला होता. फ्रान्सच्या दरबाराला नाचाचा मास्तर हवा होता. मास्तरांना हे धुकट गाव सोडायचं होतं, आणि मुख्य म्हणजे कारभारी बोनाकोर्सोचं तोंड पुन्हा बघायचं नव्हतं.

ते तोंड आत्ता पडद्यामागे त्यांच्यासमोर होतं.

"ढगाच्या दोराच्या दुसऱ्या टोकाची वाळूची पोती कमी करा," मास्तर दातओठ खात म्हणाले. "ढग येईल खाली."

"हात लावायचा नाही. कुणी वाळूत गडबड करून घातपात करू नये म्हणून पोत्यांवर मोहोर आहे. ती फक्त ड्यूकसाहेब फोडू शकतात."

"ते वर आहेत."

"मग खाली आले की फोडतील."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. "एवढी वाळू भरली कुणी?"

"बरोब्बर त्यांच्या वजनाची भरली होती, नाताळात. त्यानंतर साहेबांनी जेवण सोडलं. सूर्याचं पोट दिसू नये म्हणून. चोरून."

"चोरून खाणारे पुष्कळ पाहिले," मास्तर म्हणाले. "चोरून उपाशी राहणारा आपलाच ड्यूक."

वरून आवाज आला, "नाच का थांबलाय?"

नाच सुरू झाला. आता या दरबारात एक रीत होती. ड्यूकसाहेबांकडे कुणी पाठ करायची नाही, तोंड कायम त्यांच्याकडे. साहेब जमिनीवर असते तर ठीक होतं. साहेब छताला होते. तेव्हा सगळ्या ग्रहांनी हनुवट्या वर केल्या, माना ताणल्या आणि पाय कुठं पडतोय ते देवावर सोडलं. चांदणीची पहिल्याच फेरीत खिचडी झाली.

तेवढ्यात कारभाऱ्यांना अक्कल सुचली. साहेब पडलेच तर झेलायला हवेत, म्हणून त्यांनी सगळ्यांना हात वर करायला लावले. शिवाय वजन वाढलं की ढग आपोआप उतरेल, म्हणून मुदपाकखान्यातून भाजलेली वाम मासळी आणि चीज मागवलं. झुंबराच्या मेणबत्त्या पेटवायच्या काठीला टोपली बांधली. नाचता नाचता जो ढगाखाली येईल त्यानं टाचा उचलून टोपली वर सरकवायची आणि पुढं जायचं.

"टाचा," मास्तर पडद्याआडून खेकसले. "टाचा खाली. नाचताय का अंजीर तोडताय?"

"ओरडू नका हो, मास्तर," म्हातारी काउंटेस व्हिओलान्ते जवळून जाताना म्हणाली. "जन्मभर खाली बघ, खाली बघ केलंत. आज पहिल्यांदा छतावरची चित्रं बघतेय. बरी आहेत की."

मास्तरांनी छडी गुडघ्यावर मोडली. सगळा हिवाळा. रोज सकाळी थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी फरशीवर खडूनं काढलेल्या रेघा. त्या रेघांवरून आता हे बगळे चालले होते, माना वर, हात वर, आणि वरून वामेचे काटे पडत होते. ते हातातले तुकडे फेकून थेट दाराकडे निघाले.

जिन्यावरून पॅरिसचा वकील धावत खाली येत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"त्या माना," तो म्हणाला. "ते हात. जमिनीचा संबंधच नको असल्यासारखे ते पाय. असं मी कुठंच पाहिलं नाही. कुणी बसवलं हे?"

मास्तर तोंड उघडणार होते. हा चावटपणा आहे, हे माझं नाही, असं सांगणार होते. पण त्यांच्या आधी कारभारी पुढं सरसावले आणि कंबरेत वाकले.

"आता स्वतःच्या तोंडानं काय सांगायचं, साहेब. हातांची कल्पना माझीच."

मास्तरांच्या कानशिलातली शीर उडायला लागली.

"मी बसवलं," ते म्हणाले. "सगळं. हातसुद्धा. याला स्वतःच्या बुटाचा बंद बांधता येत नाही."

"मग तुम्हीच चला," वकील म्हणाला. "पॅरिसला हेच हवंय. अगदी हेच. जरा करून दाखवा ना, मला डोळ्यांत साठवू दे."

नाचणारे थांबून बघायला लागले. कारभारीही बघत होते, ओठ दाबून. मास्तर सभागृहाच्या मध्यावर गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी टाचा उचलल्या. गुडघे कुरकुरले. दोन्ही हात डोक्यावर नेले, हनुवटी वर केली.

"वा. आणि वर काय आहे असं मनात आणायचं?"

मास्तरांनी वर पाहिलं. ढगाच्या कडेवरून सूर्याचे दोन जाड पाय लोंबत होते. वामेच्या चरबीचा एक कोमट थेंब सुटला आणि त्यांच्या कपाळावर पडून नाकावरून खाली ओघळला. त्यांनी तो पुसला नाही.

"ते विचारायचं नाही, साहेब," मास्तर म्हणाले. "वर बघायचं आणि हसायचं."