निःशेष भागाकार

"श्रीरंगरावांची संख्या मिळाल्याशिवाय त्यांच्या हृदयातलं यंत्र दुरुस्तीसाठी उघडणार नाही," डॉक्टर बेडेकर म्हणाल्या. जन्मतःच मिळणारी ती शंभर आकडी मूळ संख्या हीच माणसाची ओळख; ती ज्याची त्यालाच ठाऊक असे, आणि अपघातानंतर श्रीरंग बेशुद्ध होता.

"लग्नाच्या नोंदीत आमच्या दोघांच्या संख्यांचा गुणाकार आहे," त्याची बायको वसुधा म्हणाली. "त्याला माझ्या संख्येने भागा, ह्यांचीच निघेल. दुसरं उत्तर येऊच शकत नाही."

"वसुधाताई, इथल्या संगणकात घातलेली संख्या गुप्त राहत नाही. उद्या कुणीही तुमच्या नावाने उभं राहील. घर, नोकरी, काहीच तुमचं उरणार नाही."

"नको उरू दे. घ्या लिहून."

ती डोळे मिटून एकेक आकडा सांगू लागली. मध्येच थांबून घोटभर पाणी प्याली आणि पुढचा आकडा म्हणाली. भागाकारात बाकी उरली नाही. श्रीरंगच्या हृदयातलं यंत्र उघडलं.

दोन दिवसांनी श्रीरंग शुद्धीवर आला, तोवर कुणा परक्या बाईने वसुधाच्या नावाने उभं राहून त्यांचं घर विकलं होतं.

"घरी कधी जायचं गं?" त्याने विचारलं.

"तुम्ही चालायला लागा," वसुधा त्याची उशी सारखी करत म्हणाली, "मग आपण दोघं मिळून एखादं शोधू."