दुसरं कार्ड

स्क्रीनवर पुन्हा तीच ओळ आली. नेटवर्क सापडत नाही.

अपेक्षाने बोटाच्या पेराएवढं वायफाय कार्ड उपसलं आणि लॅपटॉपच्या तिसऱ्या खाचेत घातलं. कार्डावरचा हिरवा दिवा लागला नाही. दहा पस्तीस झाले होते. अकराला मुलाखत होती. देहरादूनला भूजलाच्या संशोधनासाठी पाच वर्षांची जागा होती आणि शेवटच्या चौघांत तिचं नाव होतं. मुलाखत संगणकावरूनच द्यायची, फोन चालणार नाही, असं पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

लॅपटॉप बारा वर्षांचा. तिने त्यावर लिनक्स ही हलकी प्रणाली टाकली म्हणून तो अजून तग धरून होता. आतलं मूळ कार्ड दोन वर्षांपूर्वी बिघडलं. ते मधेच जागं होऊन बाहेरच्या कार्डाच्या कामात लुडबुड करायचं. शेवटी तिने एक कमांड देऊन ते कायमचं बंद केलं. तेव्हापासून सगळा भार या दुसऱ्या कार्डावर होता. सोमवारी संध्याकाळपर्यंत ते नीट चाललं. त्या रात्री तिने लिनक्सचे नवे बदल उतरवून घेतले आणि मग दोन दिवस कागदावरच तयारी केली. म्हणजे चूक तिचीच होती. मुलाखतीच्या तोंडावर चालतं यंत्र कोणी बदलतं का?

तिने बदलाच्या आधीची लिनक्सची जुनी प्रत चालू करून पाहिली. काही फरक नाही. फोनचं इंटरनेट घ्यायला तो वायरने जोडला, पण ती वायर नुसती चार्जिंगची निघाली. पूर्ण्यात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या चंद्रभानला फोन लावला. तो नांदेडला लग्नात होता. मागे बँड वाजत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, ते डबडं आता गोदावरीत शिरवा बगा.” नंतर त्यालाच वाईट वाटलं असावं. क्लासची किल्ली शेजारी आहे, जा म्हणाला. पण इथून, चुडाव्याहून, पूर्ण्याला जायला आता वेळ उरला नव्हता.

बाबा, माणिकराव, शेजारी टॉर्च धरून बसले होते. त्यांनी तीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळली होती. निवृत्तीनंतर अपेक्षाने त्यांना या लॅपटॉपवर बसायला शिकवलं. तिने सांगितलेली प्रत्येक कमांड ते वहीत उतरवायचे, अनुक्रमांक, तारीख आणि कारण घालून. वहीत नसलेलं काही करायचे नाहीत. आई गेल्यापासून घरात हे दोघंच होते.

“मी काय करू, सांग ना बाई,” ते तिसऱ्यांदा म्हणाले. तिने त्यांना टॉर्च सरळ धरायला सांगितलं.

दहा सत्तेचाळीस. आता एकच उपाय उरला होता, आतलं बिघडलेलं कार्ड पुन्हा जागं करायचं. दहा मिनिटं जरी टिकलं तरी पुरे होतं. पण दोन वर्षांपूर्वी ते नेमकं कसं बंद केलं होतं, ते तिला आठवेना. यंत्र मात्र दिलेली प्रत्येक कमांड लक्षात ठेवतं. तिने बंद करायच्या शब्दाने त्या यादीत शोध घेतला.

एका ओळीची अपेक्षा होती. दोन आल्या. पहिलीत जुन्या कार्डाचं नाव होतं. दुसरी अक्षरशः तशीच होती, फक्त तीत नाव दुसऱ्या कार्डाचं होतं.

“बाबा, हे कार्ड तुमी बंद केलं?”

टॉर्चचा उजेड भिंतीवर गेला.

“हां,” ते म्हणाले. “मीच केलं. म्हनलं, तू गेल्यावर…”

“बाहेर जाऊन बसा.”

ते उठले. टॉर्च तसाच जळत होता, तो घेऊनच बाहेरच्या उन्हात गेले.

तिने त्या कमांडने यंत्रात घातलेली ओळ पुसली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. त्याला जागं व्हायला सहा मिनिटं लागली. हिरवा दिवा लुकलुकला. दहा सत्तावन्नला ती मुलाखतीच्या पानावर पोचली. परीक्षक येत आहेत, कृपया थांबा, असं तिथे लिहून आलं. केव्हा रुजू व्हाल, असं विचारलं तर उद्या म्हणायचं, तिने ठरवलं. परवा नाही, उद्याच.

मग तिला वाटलं, कॅमेराही बंद करून ठेवला असेल तर? माईक? तिने यादी पुन्हा उघडली, या वेळी पूर्ण.

बाबा रोज सकाळी आधी कॅलेंडरची कमांड द्यायचे, तारीख बघायला. त्यामुळे यादीत दिवस वेगळे दिसत होते. कॅमेऱ्याबद्दल कुठे काही नव्हतं. मंगळवारी ती एक ओळ होती. तिच्याखाली त्याच दिवशी तीच कमांड पुन्हा, फक्त बंद करायच्या शब्दाच्या जागी दुसरा शब्द घातलेला. ऑन. मग स्टार्ट. ओपन. रिटर्न. बुधवारच्या कॅलेंडरखाली आणखी. एका ओळीत, कचेरीच्या सवयीने, काइंडली स्टार्ट. शेवटच्या काही आज सकाळच्या होत्या, ती अंघोळीला गेली होती तेव्हाच्या. यातला एकही शब्द यंत्राला कळण्यासारखा नव्हता. बंद करायची कमांड त्यांच्या वहीत होती; कार्ड चालू कसं करायचं, ते तिने बाबांना कधी शिकवलंच नव्हतं.

तिने ओळी मोजल्या. बाबांनी कार्ड एकदा बंद केलं होतं. चालू करायला ते एकोणचाळीस वेळा बसले होते.