पुढं काढलंय

"तिकीट पुढं काढलंय," बसच्या मागच्या दाराशी उभे असलेले विश्वंभरराव म्हणाले आणि त्यांनी बायकांच्या सीटवरच्या आपल्या बायकोकडे बोट दाखवलं. पाकीट घरी राहिलं होतं.

त्यांनी वहिनींच्या आमटीची तारीफ केल्यापासून तिचा अबोला होता. तिनं खिडकीबाहेरच्या गुलमोहराला सांगितलं, "मी नाही ओळखत यांना."

"मग उतरा, काका." कंडक्टरनं दोरी ओढली. टण्! भर उन्हात पायरीवर पाय ठेवताच विश्वंभररावांचा गुडघा कुरकुरला.

शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं. "अहो मावशी, खरंच उतरवतोय! ओळखत असाल, तर नाव घ्या."

तिनं पदर सावरला.

"पुढच्या दारानं चढले मी, मागच्या दारानं हे,
विश्वंभररावांचं तिकीट द्या, भांडण बाकी आहे!"

सगळी बस हसली. मागून घाईघाईनं आवाज आला, "आमटी तुझीच गं!"

टण् टण् करून कंडक्टरनं भांडणासकट बस सोडली.