मोहपाड्याचा थांबा

"बारा मिनिटं?" झुंबर साळवेंनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, एवढ्या वेळात मी मनमाडला चहा पिऊन, सगळे डबे बघून परत यायचो."

सभागृहात हशा पिकला. नाशिकरोडच्या वाचनालयात रविवारी दुपारी जमलेली ही चाळीसेक मंडळी म्हणजे रेल्वेची ठार वेडी. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा एक गेम आहे, त्यासाठी प्रत्येकाने आपापला एकेक प्रवास रचला होता. मार्ग, स्टेशनं, सिग्नल, वेळापत्रक, सगळं. ज्याचा पहिला नंबर येईल, त्याचा मार्ग गेमच्या नकाशात कायमचा जाणार होता. आणि परीक्षक कोण, तर चौतीस वर्षं गार्डाची नोकरी केलेले साळवे. आपली शिट्टी कधी अर्धं मिनिटसुद्धा उशिरा वाजली नाही, असं ते सांगत. निदान दिवसातून दोनदा तरी सांगत.

समोर मोहिनी भोये उभी होती. पंचवटीत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या दुकानात कामाला, मूळची सुरगाण्याकडची. तिकडे रेल्वे नाही. कधी नव्हतीच. मग हिने ती गेममध्ये नेली, नाशिकरोडपासून डोंगर चढून थेट आपल्या मोहपाड्यापर्यंत. काल्पनिक मार्ग नियमात बसत होता. बोगदे, वळणं, चढ, सगळं इतकं चोख की साळवे दोनदा "वा!" म्हणाले. हा माणूस सहसा एकदाही म्हणत नाही.

गाडं अडलं ते मोहपाड्याच्या थांब्यावर.

"एवढ्याशा स्टेशनला दोन मिनिटं पुरे," साळवे म्हणाले. "नियमात तसंच आहे, जास्त थांबलं की गेम गुण कापतो. बाराचे दोन कर, पहिला नंबर तुझा. आत्ता लिहून देतो."

सहा महिने रोज दुकान बंद झाल्यावर तिथेच बसून मोहिनीने हे केलं होतं, ते याच एका गोष्टीसाठी. खऱ्या नकाशात नाही तर नाही, गेमच्या नकाशात तरी मोहपाडा स्टेशन दिसावं. आणि आता प्रश्न होता एका आकड्याचा.

"दोन मिनिटांत निम्मी माणसं खालीच ऱ्हातात, सर."

"कसली माणसं?"

"आमच्याकडची. दिवाळी झाली की द्राक्षाच्या कामाला जातात, दिंडोरीला, पिंपळगावला. चार-पाच महिने तिकडंच. तांदूळ, भांडी, कोंबड्या, पोरं, म्हातारी, सगळा संसार संगती. आता जातात पिकअपमध्ये उभ्यानं. गाडी आली तरी त्यांनी मरमर धावतच चढायचं का?"

"पोरी, गेम आहे हा."

"मग तुम्हीच सोडा गाडी." तिने माऊस त्यांच्यापुढे सरकवला. आवाज जरा चढलाच तिचा. "दोन मिनिटं झाली की द्या शिट्टी. मी नाय देणार."

"अरे बापरे," मागून कुणीतरी म्हणालं. साळवेंना असलं बोलणं खपत नसे. पण ते खुर्ची ओढून बसले.

पडद्यावर नाशिककडे परतणारी गाडी मोहपाड्याला लागली. फलाट कसला, मुरूम टाकून केलेला कट्टा. माणसं चढू लागली. गेममधली असतात तशीच, हातपाय लाकडी. पण एकीच्या डोक्यावर भांड्यांचं बोचकं होतं, कडेवर पोर होतं. एकाने गोणी आत ढकलली आणि तो दुसरी आणायला मागे फिरला.

दोन मिनिटं झाली. कोपऱ्यातले गुण लाल झाले आणि एकेक करून उतरू लागले. साळवेंचं बोट शिट्टीच्या बटणावर होतं. तेवढ्यात त्या बाईने कडेवरचं पोर डब्यात ठेवलं आणि दुसऱ्याला घ्यायला ती खाली उतरली. पोर आत, आई बाहेर.

बोट जागचं हललं नाही.

"सर, दोन झाली," माईक घेऊन उभा असलेला संयोजक सनी म्हणाला.

"दिसतंय मला."

पाच झाली. आठ झाली. सभागृहातले लोक आधी चुळबुळले, मोबाइल काढून बसले. मग पडद्यावरच्या एकाची कोंबडी हातातून सुटली आणि पहिल्या रांगेतला एक काका "धर, धर!" म्हणून ओरडला. त्यानंतर कुणी मोबाइलकडे बघितलं नाही. मागची मंडळी उठून पुढे येऊन उभी राहिली. कोंबडी सापडली तेव्हा चक्क टाळ्या पडल्या.

बारा मिनिटं झाली. सिग्नल हिरवा झाला. सगळे चढले होते. एक म्हातारी तेवढी नळापाशी, भिंतीकडे तोंड करून, जागच्या जागी चालत होती.

मोहिनीचा चेहरा उतरला. "ती कधीकधी अडकते, सर. माझीच चूक हाय, प्रोग्राममधली. आता ती नाय चढायची. सोडा गाडी."

गुण शून्यावर आले होते. सनीने घसा खाकरला. "सर, मार्कांच्या कागदावर काय लिहू?"

साळवेंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. बटणावरचं बोट काढलं, खुर्ची थोडी बाजूला घेतली आणि कीबोर्ड मोहिनीकडे सरकवला.

"दुरुस्त कर तू," ते म्हणाले. "गाडी मी धरून ठेवतो."