शेवाळी लोकर

ओतारू शहरातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात चिनात्सू आनंदाने किंचाळलीच. ढिगातून शेवाळी स्वेटर डोकावत होता! घरचं कपाट लोकरीने ओसंडत होतं, पण ती विणत असलेल्या बाबांच्या स्वेटरची एक बाही याच लोकरीवाचून अडली होती. ही लोकर बनवणारी गिरणी केव्हाच बंद पडलेली. तिने एक बाही पकडली, तोच दुसरी एका आजींनी पकडली. “मी आधी पाहिला, आजी!” “घालणार?” “छे, उसवणार!” “वेड लागलंय का? इतका देखणा स्वेटर!” “बाबा परवा मासेमारीला निघालेत. बर्फात एकाच बाहीचा स्वेटर घालतील का?” आजींना हसू फुटलं. बाही कुरवाळत त्या म्हणाल्या, “खालून उसवू नकोस, गुंता होईल. गळ्यापासून सुरू कर. टोक आत डावीकडे लपवलंय मी.” “म्हणजे हा तुम्ही विणलाय?” चिनात्सूने विचारलं. “सुनेने न विचारता देऊन टाकला,” म्हणत आजींनी उसवलेल्या लोकरीची लडी धरायला दोन्ही हात पुढे केले.