पाचही शब्द बरोबर

"पस्तीस वर्षं टपाल वाटलं, एक पाकीट चुकीच्या दारात पडलं नाही. माझी कसली स्मरणशक्ती तपासताय?" रिटायर्ड पोस्टमन खुर्चीत बसता बसता म्हणाले.

तपासणाऱ्या मॅडमनी पाच शब्द सांगितले, ठोकळे जुळवून घेतले, आकडे उलटे म्हणायला लावले आणि अर्ध्या तासाने तेच शब्द पुन्हा विचारले. आजोबांनी पाचही घडाघडा म्हणून दाखवले.

बाहेर येऊन त्यांनी बाकावर बसलेल्या बाईंचा हात धरला. "चल गं, पास झालो. आता मला एकट्याला बाहेर सोडायला घाबरू नकोस."

"किती वेळ लावलात हो," म्हणत बाई त्यांच्यासोबत लिफ्टमध्ये शिरल्या.



काउंटरवर फॉर्म भरून आजोबांची बायको परतली, तेव्हा बाक रिकामा होता आणि आतून पुढच्या पेशंट बाईंना हाका मारत होते.